ढग पृथ्वीला थंड ठेवतात की तापवतात? रनअवे ग्रीनहाऊस समजून घ्या मोबाईलवरच्या तीन सॅटेलाईट फोटोंवरून

एप्रिल-मे आला, अमरावती-अकोल्याचा पारा ४४-४५ वर गेला की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘पृथ्वीचा आता शुक्र ग्रह होणार, समुद्र उकळणार, शास्त्रज्ञांचा इशारा.’ सोबत लाल रंगाच्या पृथ्वीचा एआयने बनवलेला फोटो. मेसेज खोटा आहे. पण त्यामागची कल्पना खोटी नाही. तिला रनअवे ग्रीनहाऊस म्हणतात, आणि शुक्रावर ती खरोखर घडून गेली असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या: आपण कोळसा-पेट्रोल जाळून पृथ्वीचा शुक्र होणार नाही. पण ग्रह त्या वाटेला जाईल की नाही हे ठरवण्यात ढगांचा वाटा खूप मोठा आहे. आणि येत्या काही दशकांत आपल्याकडे किती तापणार, या हिशेबातला सगळ्यात न सुटलेला आकडासुद्धा ढगांचाच आहे. उरलेला लेख ‘का’ आणि ‘कसं’ यावर आहे.

रनअवे ग्रीनहाऊस म्हणजे नेमकं काय?

साधा ग्रीनहाऊस परिणाम शाळेत झालेला असतो. सूर्याचा प्रकाश आत येतो, जमीन तापते, तापलेली जमीन इन्फ्रारेड किरणांच्या रूपात उष्णता बाहेर फेकते, आणि हवेतली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे वायू त्यातली काही उष्णता अडवतात. हे नसतं तर पृथ्वी गोठलेली असती. म्हणजे ग्रीनहाऊस ही मुळात वाईट गोष्ट नाही.

आता यात एक चक्र आहे. हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. वाफ स्वतःच ग्रीनहाऊस वायू आहे. म्हणजे तापली की वाफ वाढली, वाफ वाढली की अजून तापली. मग हे चक्र थांबतं कसं? कारण वस्तू जितकी गरम, तितकी ती जास्त उष्णता बाहेर फेकते, आणि तेही तापमानाच्या चौथ्या घाताने. पृथ्वी थोडी तापली की बाहेर जाणारी उष्णता वाढते आणि हिशेब पुन्हा जुळतो. हा आपला ब्रेक आहे.

रनअवे म्हणजे हा ब्रेक फेल होणं.

माझं काम सर्व्हरचं, त्यामुळे मला हे रेट लिमिटसारखं दिसतं. एखादी एपीआय सेकंदाला १०० पेक्षा जास्त रिक्वेस्ट सोडत नाही असं समजा. आत ९० येत असतील तर काही अडचण नाही. ११० यायला लागल्या तर रांग वाढतच जाते, कारण बाहेर जाण्याचा वेग काही केल्या वाढत नाही. वाफेने गच्च भरलेल्या ग्रहाचं असंच होतं. वातावरण इतकं अपारदर्शक होतं की जमिनीची उष्णता थेट अवकाशात जाऊच शकत नाही. अवकाशातून दिसतो तो फक्त वाफेचा वरचा थर, आणि त्या थराचं तापमान जवळपास ठरलेलं असतं. खाली जमीन १०० अंश असो की ५००, बाहेर जाणारा आकडा तोच.

तो आकडा किती? २०१३ मध्ये कॉलिन गोल्डब्लाट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या हिशेबात तो २८२ वॅट प्रति चौरस मीटर आला. आजची पृथ्वी सरासरी सुमारे २४० वॅट शोषते आणि तेवढीच बाहेर टाकते. म्हणजे लिमिटच्या खाली आहोत, पण अंतर फार नाही. शोषली जाणारी ऊर्जा कायमची लिमिटच्या वर गेली तर समुद्र पूर्ण वाफ होईपर्यंत, आणि त्यानंतरही, तापमान चढत राहतं. जमीन हजार अंशांच्या पार जाऊन लालबुंद चमकू लागते तेव्हा कुठे वाट फुटते.

या मर्यादेला सिम्पसन-नाकाजिमा लिमिट म्हणतात. यातले जॉर्ज सिम्पसन हे आपल्या भारतीय हवामान विभागात बरीच वर्षं सिमल्याला नोकरीला होते. १९२० मध्ये ते ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस हिशेब करताना त्यांना हे विचित्र उत्तर मिळालं: जमीन कितीही तापवा, बाहेर जाणारी उष्णता बदलतच नाही. त्यांना ते कोडंच वाटलं. पुढे १९६७ मध्ये कोमाबायाशी, १९६९ मध्ये शुक्राचा अभ्यास करणारे अँड्र्यू इंगरसॉल आणि १९९२ मध्ये नाकाजिमा यांनी ते सोडवलं. (पुण्यातल्या ‘सिमला ऑफिस’ चौकाचं नाव याच हवामान खात्यावरून आलं. १९२८ मध्ये ते ऑफिस सिमल्याहून पुण्यात हललं. तोपर्यंत सिम्पसन साहेब मात्र लंडनला गेले होते.)

मोबाईलवर कुठे बघायचं?

भारताचे इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे हवामान उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून सतत आपल्याकडे बघत असतात. ३डीआर सप्टेंबर २०१६ मध्ये गेला, ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यांच्या कॅमेऱ्यात सहा चॅनेल आहेत आणि हवामान विभागाच्या वेबसाईटवर सॅटेलाईट विभागात हे फोटो फुकट मिळतात. लॉगिन नाही, काही नाही. आपल्याला तीन चॅनेल पुरेत: व्हिजिबल, थर्मल इन्फ्रारेड आणि वॉटर व्हेपर. तिन्ही एकाच वेळचे, दुपारचे उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा.

बहुतेक लोक हे फोटो ‘पाऊस येतो का’ एवढ्यासाठी बघतात. आमच्या भातकुलीत तर दुसरा प्रश्नच नसतो. तालुका पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जमिनीतलं पाणी खारं, त्यामुळे कपाशी, तूर, सोयाबीन सगळं वरच्या पाण्यावर. पण याच तीन फोटोंत रनअवे ग्रीनहाऊसचं अख्खं गणित आहे.

पहिला फोटो: व्हिजिबल. ढग म्हणजे छत्री

हा साध्या कॅमेऱ्यासारखा फोटो. जे पांढरं दिसतं, ते सूर्याचा प्रकाश परत पाठवतंय. समुद्र काळा, आपली काळी माती गडद, ढग पांढरे. बस, इतकंच. ढग जितका जाड तितका जास्त पांढरा.

पृथ्वीवर वरून सरासरी ३४० वॅट प्रति चौरस मीटर येतात. त्यातले जवळपास १०० परत जातात. ढग नसते तर फक्त ५३-५४ परत गेले असते. म्हणजे ढगांची छत्री सुमारे ४६ वॅट अडवते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने थेट वाढणारी ऊर्जा ४ वॅटच्या आसपास असते हे लक्षात घेतलं तर ४६ हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

दुसरा फोटो: थर्मल इन्फ्रारेड. ढग म्हणजे गोधडी

हा फोटो रात्रीही निघतो, कारण त्याला प्रकाश लागत नाही. तो उष्णता मोजतो. गरम ते काळं, थंड ते पांढरं दाखवतात. आता गंमत बघा. व्हिजिबलमध्ये अरबी समुद्रावर पांढरेफेक दिसणारे काही ढग या फोटोत जवळपास गायब होतात. आणि व्हिजिबलमध्ये पुसट, पातळ दिसणारे काही इथे चांगले पांढरे दिसतात.

गायब होणारे ढग खालचे आहेत, एक-दोन किलोमीटर उंचीवरचे. त्यांचा माथा जवळपास जमिनीइतकाच उबदार असतो, म्हणून उष्णतेच्या कॅमेऱ्याला फरक कळत नाही. पांढरे दिसणारे ढग खूप वरचे आहेत आणि त्यांचा माथा गोठलेला असतो.

आकड्यात सांगतो. २७ अंशाची जमीन प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ४६० वॅट उष्णता फेकते. १५ अंशाचा खालचा ढग त्याच्यावर आला तर तो वरच्या बाजूने सुमारे ३९० फेकतो. फार तोटा नाही. पण उणे ६० अंशाचा, १४ किलोमीटर उंच माथ्याचा पावसाळी ढग आला तर तो अवकाशाकडे फक्त ११७ वॅट सोडतो. बाकी उष्णता खालीच अडकली. तो जणू गोधडी आहे.

म्हणजे नियम असा बसतो: खालचा जाड ढग प्रकाश परतवतो पण उष्णता फारशी अडवत नाही, म्हणून तो थंड करतो. वरचा पातळ ढग प्रकाश आत सोडतो पण उष्णता अडवतो, म्हणून तो तापवतो. उंच आणि जाड असलेला पावसाळी ढग दोन्ही जोरात करतो आणि त्याचा हिशेब बराचसा बरोबरीत सुटतो.

दुसरी गोष्ट वेळेची. छत्रीचा उपयोग फक्त दिवसा. गोधडी मात्र चोवीस तास. रात्रीचा ढग फक्त तापवतोच, मग तो कोणत्याही उंचीचा असो. हे कळायला उपग्रह लागत नाही. माझी आजी मे महिन्यात अंगणात खाट टाकताना वर बघून सांगायची, “आभाय आलं हाये, आज रातभर उकडते पाय.” ळ चा य करणारी वऱ्हाडी, पण फिजिक्स पक्कं. उलट डिसेंबरात आकाश मोकळं असलं की पहाटे कडाक्याची थंडी, आणि ढगाळलं की रात्रीचं तापमान लगेच चढतं. त्या ढगाळ दिवसांत तुरीवर अळी पडेल म्हणून शेतकरी धास्तावतात तो भाग वेगळा.

मग संपूर्ण पृथ्वीवर कोण जिंकतं, छत्री की गोधडी? १९८० च्या दशकापर्यंत याचं मोजलेलं उत्तर नव्हतं. १९८४ मध्ये चॅलेंजर स्पेस शटलमधून एक उपग्रह सोडला गेला, पृथ्वीच्या ऊर्जेचा जमाखर्च मोजायला. त्याच्या प्रयोगाच्या माहितीवरून भारतात जन्मलेले वीरभद्रन रामनाथन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये निकाल छापला. एप्रिल १९८५ साठी छत्रीचे उणे ४४.५ वॅट, गोधडीचे अधिक ३१.३ वॅट, निव्वळ उणे १३.२. छत्री जिंकली. नंतरच्या जास्त नेमक्या उपग्रहांनी हा निव्वळ आकडा उणे १८ ते २० च्या आसपास दाखवला आहे.

तिसरा फोटो: वॉटर व्हेपर. रेट लिमिट डोळ्यांनी बघा

हा माझा सगळ्यात आवडता चॅनेल आहे आणि तो कुणीच उघडत नाही. यात भारताचा नकाशा वरून रेघांनी काढून द्यावा लागतो, कारण जमीन दिसतच नाही! मे महिन्यात भातकुलीचं शेत तव्यासारखं तापलेलं असलं तरी या फोटोत त्याचा पत्ता नसतो. कॅमेरा ज्या तरंगलांबीवर बघतो तिथे वाफ इतकी अपारदर्शक आहे की जमिनीची उष्णता वर येण्याआधीच शोषली जाते. दिसते ती फक्त अनेक किलोमीटर उंचीवरची थंड वाफ.

आता थांबून याचा विचार करा. जमीन कितीही तापली तरी या चॅनेलमध्ये बाहेर जाणारी उष्णता बदलत नाही. सिम्पसनचं कोडं हेच. आज हे काही तरंगलांबींपुरतंच आहे. थर्मल इन्फ्रारेड चॅनेलमध्ये जमीन अजून दिसते, म्हणजे ती खिडकी उघडी आहे आणि पृथ्वी तिथून श्वास घेते. रनअवे म्हणजे वाफ वाढत वाढत ही खिडकीही बंद होणं. सगळे चॅनेल वॉटर व्हेपरसारखे दिसायला लागले की ब्रेक गेला समजा.

याच फोटोत काही पट्टे गडद दिसतात. तिथे वरची हवा कोरडी आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला जरा खालचा, जास्त गरम थर दिसतो. वाळवंटी भागांवरचे हे कोरडे पट्टे म्हणजे पृथ्वीचे रेडिएटर. सगळीकडे सारखी वाफ नाही म्हणूनच बरीच उष्णता इथून निसटते. पुढे हे लागणार आहे.

ढग नसते तर पृथ्वीचं काय झालं असतं?

गोल्डब्लाट यांच्या २०१३ च्या हिशेबातला मला सगळ्यात धक्कादायक वाटलेला भाग हा. त्यांनी विचारलं: समजा वातावरण वाफेने गच्च भरलं आणि ढग अजिबात नाहीत, तर पृथ्वी किती सूर्यप्रकाश शोषेल? उत्तर आलं सुमारे २९४ वॅट. लिमिट २८२. म्हणजे ढग बाजूला काढले तर आजच्याच सूर्याखाली, आजच्याच अंतरावर, पृथ्वीवर रनअवे कागदावर तरी शक्य आहे.

याचा अर्थ उद्या ढग विरले की आपण संपलो असा नाही. आजची हवा वाफेने गच्च भरलेली नाही, कोरडे रेडिएटर चालू आहेत, आणि ढग गेले तर गोधडीही जाईल. त्या अवस्थेला पोचायला आधी पृथ्वी प्रचंड तापवावी लागेल. पण एक गोष्ट पक्की होते. सूर्यापासूनचं अंतर हा एकटा निकष नाही. दोन ग्रह सारख्याच अंतरावर असतील आणि एकावर ढगांची छत्री, दुसऱ्यावर ढगांची गोधडी असेल, तर एकावर समुद्र असेल आणि दुसऱ्यावर भट्टी.

शुक्राचं काय झालं?

संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी इतकी ठळक का दिसते माहीत आहे? ढगांमुळे. गंधकाम्लाच्या थेंबांच्या जाड ढगांनी शुक्र पूर्ण झाकलेला आहे आणि ते सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश परत पाठवतात. आपण कौतुकाने बघतो तो त्या ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश.

हिशेब केला तर चक्रावायला होतं. शुक्राला आपल्या जवळपास दुप्पट ऊन मिळतं, २६०० वॅट विरुद्ध आपले १३६१. पण इतकं परतवल्यामुळे तो सरासरी जेमतेम १५५ वॅट शोषतो. आपण २४०. म्हणजे आज शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन खातो आणि तरी त्याची जमीन ४६० अंशांच्या वर आहे! कारण बाहेरची वाट बंद आहे: हवेचा दाब आपल्या नव्वदपट, त्यात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि वर ढग. एकदा भट्टी पेटल्यावर छत्री उघडून उपयोग झाला नाही.

पण पाणी होतं का तिथे? वाफ होतीच. १९७८ च्या पायोनियर व्हीनस मोहिमेने दाखवलं की शुक्राच्या हवेत साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे. पाणी फुटून हलका हायड्रोजन अवकाशात उडून गेला आणि जड मागे राहिला, हा त्याचा सरळ अर्थ. प्रश्न इतकाच की त्या वाफेचा कधी समुद्र झाला होता का. आणि इथे उत्तर ढगांवर येऊन अडतं.

२०१६ मध्ये नासाच्या गोडार्ड संस्थेतल्या मायकेल वे यांच्या गटाने मॉडेल चालवलं. शुक्र फार हळू फिरतो, तिथला एक दिवस आपल्या ११७ दिवसांचा. इतका वेळ एकाच बाजूला ऊन पडलं तर त्या बाजूला वाफ वर चढून जाड ढगांचा डोंगर उभा राहतो. छत्री नेमकी उन्हाच्या बाजूला! या मॉडेलमध्ये शुक्रावर समुद्र दीर्घकाळ टिकू शकले.

२०२१ मध्ये मार्टिन टर्बे आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या जागेपासून सुरुवात केली. ते म्हणाले, ग्रह जन्मतो तेव्हा समुद्र नसतोच. सगळं पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि प्रश्न आहे की ती वाफ गार होऊन पाऊस पडेल का. त्यांच्या मॉडेलमध्ये दिवसाच्या बाजूला वाफ स्वतःच ऊन शोषून इतकी तापली की ढग तयारच होईनात. ढग झाले ते रात्रीच्या बाजूला, उंचावर. म्हणजे छत्री शून्य आणि गोधडी पूर्ण. पाऊस कधी पडलाच नाही, समुद्र झालाच नाही.

तोच ग्रह, तीच वाफ. ढग दिवसाच्या बाजूला धरले की समुद्र, रात्रीच्या बाजूला धरले की भट्टी. फरक कुठून सुरुवात केली याचा. मला स्वतःला टर्बे यांची बाजू जास्त पटते, कारण वाफेपासूनची सुरुवात ग्रहांच्या जन्माशी जास्त जुळते. पण मॉडेलवर निकाल लागत नाही, मोजमाप लागतं. इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आहे आणि उड्डाण २०२८ च्या मार्चसाठी ठरवलं आहे.

टर्बे यांच्या कामातून पृथ्वीबद्दलही एक निष्कर्ष निघतो. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्य आजच्या ७० टक्क्यांच्या आसपासच तेजस्वी होता, म्हणून आपली वाफ गार होऊन समुद्र झाला. तेव्हा तो आजच्या ९२ टक्क्यांपेक्षा जास्त असता तर त्या मॉडेलनुसार पृथ्वीवरही पाऊस पडला नसता. आजच्या पृथ्वीवर समुद्र आहेत ते अगोदरपासून आहेत म्हणून.

मग पृथ्वीवर कधी?

सूर्य हळूहळू तेजस्वी होतोय, दर अब्ज वर्षांत साधारण १० टक्के. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या जेरेमी लेकॉन्त यांच्या गटाने त्रिमितीय मॉडेलमध्ये उंबरठा काढला तो ३७५ वॅट, म्हणजे आजच्या ३४० पेक्षा १० टक्के जास्त. त्या हिशेबाने सुमारे एक अब्ज वर्षं हातात आहेत. त्यांच्या मॉडेलमध्ये पृथ्वीला वाचवलं ते कोरड्या रेडिएटर पट्ट्यांनी. ढगांनी उलट घात केला, तापल्यावर ते वर सरकले आणि गोधडी वाढली. दुसऱ्या एका गटाच्या मॉडेलमध्ये मात्र उंबरठा बराच पुढे गेला.

इतका फरक का? कारण ढग कॉम्प्युटरला झेपत नाहीत. हवामान मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात एक तापमान, एक आर्द्रता, एक वारा धरतं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं अर्थ सिस्टिम मॉडेल, जे भारतातर्फे जागतिक तुलनेत उतरलेलं पहिलं मॉडेल, त्याचा वातावरणाचा चौकोन सुमारे २०० किलोमीटरचा आहे. त्यात भातकुली, अकोला, यवतमाळ सगळं एकाच पिक्सेलमध्ये बसतं. खरा ढग असतो किलोमीटर-दोन किलोमीटरचा, आणि त्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. मग ढग मोजता येत नाहीत, त्यांच्या जागी अंदाजाचा फॉर्म्युला बसवावा लागतो. प्रत्येक गटाचा फॉर्म्युला वेगळा. कोडच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचं फंक्शनच हार्डकोड केलेलं आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमचा चौकोन ६ किलोमीटरपर्यंत खाली आलाय, पण ती दिवसांचा अंदाज देते. शंभर वर्षं त्या बारकाईने चालवायला लागणारी ताकद वेगळीच.

म्हणून फॉर्म्युला सुधारायला प्रत्यक्ष ढगात शिरावं लागतं. आयआयटीएमने महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा चालवली आहे. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकून जातात, विमान न उडवता थेंब मोजता येतात. आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेला, मध्य प्रदेशात सिलखेड्याला, २०२४ मध्ये अशीच वातावरण मोजणारी मोठी जागा सुरू झाली. ती मान्सूनच्या मुख्य पट्ट्यात आहे, म्हणजे कोकणातल्या नाही तर आपल्यासारख्या आतल्या भागातल्या ढगांची मोजणी तिथे होते.

कार्बन डायऑक्साइडमुळे रनअवे होईल का?

नाही. उपलब्ध सगळा कोळसा आणि तेल जाळलं तरी पूर्ण रनअवे सुरू होईल असं आजच्या अभ्यासात दिसत नाही. कारण रनअवेला शोषली जाणारी ऊर्जा लिमिटच्या पार जावी लागते, आणि कार्बन डायऑक्साइड सूर्याचं ऊन वाढवत नाही.

पण ‘शुक्र होणार नाही’ आणि ‘काळजी नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालातलं उत्तर ३ अंश आहे, आणि शक्यतेचा पट्टा २.५ ते ४ अंश. हा पट्टा इतका रुंद असण्याचं सगळ्यात मोठं कारण ढगच. त्याच अहवालाने म्हटलं की तापत्या पृथ्वीवर ढगांचा एकूण परिणाम तापमान वाढवणाराच असण्याची शक्यता जास्त आहे: समुद्रावरचे खालचे ढग विरळ होतात, म्हणजे छत्रीला भोकं पडतात, आणि उंच ढग अजून वर जातात, म्हणजे गोधडी जाड होते. ४५ अंशांच्या उन्हात कपाशीत काम करणाऱ्या माणसासाठी २.५ आणि ४ यातला फरक पुस्तकी नाही. रात्रही गार झाली नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

२०२३ हे वर्ष अपेक्षेपेक्षा जास्त तापलं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी छापलेल्या अभ्यासात त्यातल्या सुमारे ०.२ अंशांचा संबंध खालच्या ढगांच्या घटीशी जोडला आहे. ही घट तात्पुरती की तापमानवाढीचाच फीडबॅक, यावर वाद चालू आहे. आणि २०१९ मध्ये टॅपिओ श्नायडर यांच्या गटाने ढगांचं बारीक मॉडेल चालवलं तेव्हा असं आढळलं की कार्बन डायऑक्साइड १२०० पीपीएमच्या वर गेला तर उपोष्ण समुद्रांवरचे खालचे ढगांचे थर तुटून विखुरतात आणि त्यामुळे एकदम ८ अंशांची भर पडते. आज आपण ४२० च्या थोडं वर आहोत. एकाच मॉडेलचा निकाल आहे, त्यामुळे तो मी अंतिम मानत नाही. शिवाय ८ अंश वाढूनही तो रनअवे नव्हेच, पृथ्वी नव्या, जास्त गरम जागी स्थिरावते.

हे तुटणारे ढग कोणते? तेच, जे व्हिजिबलमध्ये पांढरेशुभ्र दिसतात आणि थर्मल इन्फ्रारेडमध्ये गायब होतात. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ, नामिबियासमोर, त्यांचा मोठा थर असतो. इन्सॅटच्या फोटोत तो कडेलाही नीट येत नाही, म्हणून युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहाचे फोटो उघडा आणि आपल्या संध्याकाळी, म्हणजे तिथल्या दुपारी, दोन्ही चॅनेल एकामागून एक बघा.